भिस्त एका गोळ्यावर

सामान पक्के करण्याची आपली एक जुनी समज आहे. एसटीच्या टपावरची पोती, टेम्पोत रचलेला संसार, जीपच्या कॅरियरवर दोरीने जखडलेली गादी, या सगळ्यांत गाडी जागची हलणार नाही हे गृहीत असते. हलेल ते सामान. म्हणून लक्ष सारे दोरीकडे आणि गाठीकडे. मोटारीच्या मागे टो-बारवर सायकली लावणारा माणूस हीच समज घेऊन कामाला लागतो. तो पट्टे दोनदा आवळतो, चाके हलवून पाहतो, वरून आणखी एक पट्टा फिरवतो. पण पट्ट्यांसकट सायकली आणि सायकलींसकट अख्खा कॅरियर ज्या एका जोडावर उभा असतो, त्याच्याकडे वाकून बघत नाही. सायकली सुरक्षित नेण्याविषयीची ही पुस्तिका म्हणून थोड्या उलट्या क्रमाने लिहिलेली आहे. तिच्यात टो-बारच्या टोकाचा गोळा आधी येतो, कॅरियर मग आणि सायकली सर्वांत शेवटी. सायकली कॅरियरला बांधणे हे काम तुलनेने सोपे आहे आणि त्यात चूक झाली तर ती बहुधा डोळ्यांना दिसते. कॅरियर गोळ्यावर बसवणे हे काम त्याहून कठीण, आणि त्यातली चूक दिसत नाही. हा क्रम का, एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

बंपरखालून बाहेर आलेला वाकडा पोलादी दांडा आणि त्याच्या टोकाला 50 मिलिमीटर व्यासाचा गोळा, म्हणजेच टो-बार, हे युरोपातल्या मोटारींच्या पाठीवरचे रोजचे दृश्य आहे. वीडेनब्रुक या जर्मन गावातल्या वेस्टफालिया कंपनीने 1930च्या दशकात गोळ्याची ही जोडणी पुढे आणली ती ट्रेलरसाठी. मोटार वळते तेव्हा ट्रेलर थोडा उशिरा वळतो. मोटार चढाला लागते तेव्हा ट्रेलर अजून सपाटीवर असतो. एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की ट्रेलर मोटारीच्या मानाने तिरका होतो. या तिन्ही दिशांना मोकळीक देईल असा आकार म्हणजे गोळा. त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी गोळ्यावरून उसळू नये एवढीच काळजी कुलूपकडी घेते. फिरण्याला ती आडकाठी करत नाही, करूही नये. पुढे लोकांच्या लक्षात आले की हा गोळा मोटारीच्या मागे आयताच आहे, तर त्याच्यावर सायकलींचा कॅरियरही बसेल. कल्पना चांगलीच होती. पण तिच्यात एक विसंगती दडलेली आहे आणि या विषयातले जवळपास सगळे धोके तिच्यातून निघतात. ज्या वस्तूचा धर्मच फिरू देणे हा, तिच्याकडून कॅरियर तसूभरही न फिरण्याची अपेक्षा करतो. गोळ्याला कोपरा नाही, खाच नाही, भोक नाही. त्याला धरायचे तर दाबून धरायचे, म्हणजे घर्षणावर भिस्त ठेवायची.

ही भिस्त केवढी आहे, हे साध्या आकडेमोडीने कळते. कॅरियरचे वजन 18 किलो धरू आणि त्यावर प्रत्येकी 25 किलोच्या दोन विजेच्या सायकली आहेत असे मानू. कॅरियरचा आणि पहिल्या सायकलीचा भार गोळ्याच्या साधारण 30 सेंटिमीटर मागे पडतो, दुसऱ्या सायकलीचा 50 सेंटिमीटर मागे. एकूण वजन 68 किलोच, पण ते गोळ्यावर सरळ खाली उतरत नाही. मागे लोंबत राहून ते कॅरियरला खाली झुकवू पाहते. हा पीळ सुमारे 250 न्यूटन-मीटर होतो. गोळ्याची त्रिज्या आहे अवघी 25 मिलिमीटर. इतक्या आखूड अंतरावरून तो पीळ अडवायचा तर गोळ्याच्या पृष्ठभागावर जवळजवळ एक टन वजनाइतका जोर लागतो, आणि तोही गाडी उभी असताना. गतिरोधकावरून चाके आदळली की क्षणभर हा आकडा दुप्पट होऊ शकतो. बऱ्याच कॅरियरांना गोळ्याखालच्या मानेवर टेकणारा आधार असतो आणि तो या पिळाचा काही भाग उचलतो, म्हणून प्रत्यक्षात सगळा जोर घर्षणावर येतोच असे नाही. तरीही वळणावर सायकलींचा उंचावरचा भार कॅरियरला कुशीवर कलंडवू बघतो, आणि मानेजवळचा आधार प्रत्येक दिशेला तितकाच कामी येत नाही. ट्रेलर ओढताना याच गोळ्यावर यातला एकही पीळ येत नाही, कारण ट्रेलरला त्याची स्वतःची चाके असतात. तेव्हा ‘हा गोळा तर टनभराचा कॅरव्हॅन ओढतो, त्याला सायकलींचे काय’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटला तरी चुकीच्या गोष्टीची तुलना करतो. ओढणे आणि उचलून धरणे ही वेगळी कामे आहेत. बैल गाडी ओढतो म्हणून ती पाठीवर घेत नाही.

घर्षण हा गडी लहरी आहे. त्याचे सारे पृष्ठभागावर अवलंबून. कॅरव्हॅनवाल्यांच्या घरात गोळ्याला ग्रीस चोपडून ठेवण्याची चांगली सवय असते, वाटी सहज फिरावी म्हणून. त्याच गोळ्यावर शनिवारी कॅरियर चढला की कालची चांगली सवय आजचा धोका होते. ज्या पदार्थाचे कामच घर्षण मोडणे हे, तो नेमक्या त्याच जागी बसलेला असतो. नव्या टो-बारच्या गोळ्यावर कारखान्याचा रंग असतो. तो कॅरियरच्या गोळा धरणाऱ्या चिमट्याच्या दाबाखाली चिरडला जातो आणि बंद करताना घट्ट वाटलेली पकड पन्नास किलोमीटरनंतर सैल पडते. गंज, थंडीतल्या रस्त्यावरचे मीठ, चिखलाची वाळलेली पापडी या सगळ्यांची गोष्ट तीच. म्हणून गोळा कोरडा, उघड्या पोलादाचा आणि ग्रीसरहित हवा. आणि पोलादाचाच हवा, कारण अॅल्युमिनियमच्या गोळ्यावर आपला माल बसवू नये असे कॅरियर बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या स्पष्ट लिहितात. मऊ धातू दाबाखाली दबतो. दुसरी गोष्ट चिमट्याच्या दांड्याची. हा दांडा खाली दाबला की जबडे गोळ्यावर मिटतात, आणि किती घट्ट मिटावेत ते बहुतेक कॅरियरांवर एका नटाने ठरवावे लागते. दांडा अलगद मिटला तर पकड सैल आहे, हे सरळ. पण तो मिटतच नाही म्हणून त्याच्यावर लोखंडी पाइप चढवून तरफ लांब करणारे महाभागही असतात. त्यांनी घट्टपणा आणि मोडतोड यांतली रेघ ओलांडलेली असते. कंपनीने सांगितलेल्या जोरात दांडा मिटला पाहिजे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. शेजाऱ्याचा कॅरियर उसना आणला असेल तर त्याचा नट शेजाऱ्याच्या गोळ्यासाठी जुळवलेला असतो. दोन्ही गोळे 50 मिलिमीटरचेच, पण वापराने गोळा झिजतो आणि केसभराचा फरकसुद्धा जबड्याला कळतो.

इथे अमेरिकेकडे एक नजर टाकायला हवी, कारण मराठी कुटुंबांत या विषयावरचा सल्ला बहुधा तिकडूनच येतो. न्यू जर्सीतला मावसभाऊ इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मावसबहिणीला सांगतो की घाबरण्यासारखे त्यात काही नाही, खीळ घालायची आणि निघायचे. त्याच्यापुरते ते खरे आहे. अमेरिकेत सायकलींचा कॅरियर सहसा गोळ्यावर बसतच नाही. मोटारीखाली एक चौकोनी पोलादी नळी असते, आतून दोन इंचांची, लहान मोटारींना सव्वा इंचाची. कॅरियरची चौकोनी जीभ तिच्यात सरकवतात आणि आरपार एक पोलादी खीळ घालतात. चौकोनात चौकोन फिरू शकत नाही आणि खीळ असेपर्यंत बाहेर येऊ शकत नाही. तिथे स्थैर्य आकारातून येते, घर्षणातून नाही. त्या पद्धतीची दुखणी निराळी आहेत. नळी आणि जीभ यांच्यातल्या फटीमुळे होणारा खडखडाट हे त्यांतले मुख्य. पण ग्रीसचा डाग, रंगाचा थर किंवा सैल नट यांनी तिथे कॅरियर गरकन फिरत नाही. दोन्हींकडे कॅरियर दिसायला सारखे असतात, जाहिराती सारख्या असतात, म्हणून अनुभवही सरसकट उसने घेतले जातात. भिस्त नेमकी कुठे आहे हे एकदा कळले की मावसभावाचे म्हणणे खरे असूनही आपल्या उपयोगाचे का नाही, तेही कळते.

आता वजनाकडे. मान्यताप्राप्त टो-बारवर एक पट्टी असते आणि तिच्यावर गोळ्याने वरून किती भार घ्यावा याचा आकडा किलोत दिलेला असतो. पुष्कळ मोटारींना तो 75 असतो, लहान मोटारींना 50, मोठ्यांना 100 किंवा अधिक. या आकड्यातून सर्वांत आधी कॅरियरचे स्वतःचे वजन वजा करायचे असते, आणि गडबड होते ती इथेच. 50 किलोच्या टो-बारवर 18 किलोचा कॅरियर ठेवला की सायकलींसाठी उरतात 32 किलो. म्हणजे दोन साध्या सायकली कशाबशा, विजेची एकच. कॅरियरची आपली वेगळी मर्यादा असते आणि त्यावरच्या, सायकलीची चाके बसतात त्या प्रत्येक पन्हळीचीही वेगळी असते. या तिन्हींत जी सर्वांत लहान ती खरी. वीस वर्षांपूर्वी हा हिशेब कुणी फारसा मांडत नसे आणि त्याने फारसे बिघडतही नसे, कारण बारा-चौदा किलोच्या सायकली तीन ठेवल्या तरी आकडा आटोक्यात राही. आज परिस्थिती बदलली आहे. नेदरलँड्समध्ये नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींत निम्म्याच्या आसपास विजेच्या असतात; जर्मनीत 2023 साली प्रथमच विजेच्या सायकलींची विक्री साध्या सायकलींच्या पुढे गेली. सायकलीचे वजन जवळजवळ दुप्पट झाले, गोळा मात्र 50 मिलिमीटरचाच राहिला. बॅटरी काढून मोटारीत ठेवली की प्रत्येक सायकलीमागे अडीच ते चार किलो हलके होतात. ते किलो गोळ्यापासून लांब लोंबणारे असल्याने त्यांची बचत दिसते त्याहून मोठी असते. जड सायकल मोटारीलगत आणि हलकी बाहेर, हा नियमही याच हिशेबातून आलेला आहे. वजन तेवढेच राहते, पीळ कमी होतो.

यावर समंजस वाचकाचा आक्षेप असा असेल की चांगल्या कंपन्या आपला माल कसोटीवर घासूनच बाजारात आणतात, टो-बारलाही मान्यतेचे शिक्के असतात, मग सामान्य ग्राहकाला घर्षणाचा पाठ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. टो-बारसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला नियम क्रमांक 55 आहे आणि त्याखालच्या चाचण्या कडक आहेत. नावाजलेले कॅरियर खडबडीत पट्ट्यांवर तासन् तास हादरवले जातात. पण कसोटी टो-बारची होते आणि कसोटी कॅरियरची होते. तुमच्या अंगणात, तुमच्या हाताने, तुमच्या गोळ्यावर झालेल्या जोडणीची कसोटी कोणीच घेत नाही. ब्रिटनमधल्या मोटारींच्या वार्षिक तपासणीत टो-बार पाहिला जातो, विजेचे तेरा पिनांचे सॉकेट पाहिले जाते, कॅरियर नाही. तो तर त्या दिवशी गॅरेजात भिंतीला टेकवलेला असतो. कायदा मात्र हा भेद करत नाही. ब्रिटनच्या 1988च्या रोड ट्रॅफिक अॅक्टमधले कलम 40-ए भार कसा बसवला आणि कसा जखडला याची जबाबदारी गाडी वापरणाऱ्यावर टाकते. कारखान्यातली कसोटी आणि रस्त्यावरची जबाबदारी यांच्यामध्ये जी पाच मिनिटांची जागा उरते, ती वाचकाची आहे. सूचनापत्रक तिच्यासाठीच असते हे मान्य. पण सूचनापत्रक ‘गोळा स्वच्छ करा’ एवढेच म्हणते, का ते सांगत नाही. कारण न कळलेली सूचना पावसाळी सकाळी, मुले मोटारीत बसलेली असताना, सर्वांत आधी गाळली जाते.

दुसरा आक्षेप अनुभवी लोकांचा असतो. ते म्हणतात, कॅरियरच्या कमानीपासून मोटारीच्या मागच्या दारापर्यंत एक जादा पट्टा ताणून बांधा, म्हणजे गोळ्यावरची पकड ढिली पडली तरी कॅरियर पडायचा नाही. जादा पट्ट्याला माझा विरोध नाही. सगळ्या सायकलींना कवेत घेऊन कॅरियरच्याच सांगाड्याला बांधलेला पट्टा तर जरूर असावा. पण मोटारीच्या दाराला बांधलेल्या पट्ट्याविषयी शंका आहे. दाराची काच, बिजागरी आणि पत्रा असा ओढा सोसण्यासाठी घडवलेले नसतात. शिवाय तो पट्टा पकडीचा दोष झाकतो. कॅरियर खाली झुकायला लागला की खरे तर थांबायचे असते, आणि नेमकी तीच खूण पट्टा लपवून ठेवतो. इथे डोलणे आणि सरकणे यांतला फरक सांगितला पाहिजे. चालत्या मोटारीच्या आरशात सायकली डोलताना दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. पोलादी दांडा, सांगाडा, टायर हे सगळे थोडे लवचीक असतात, डोलणारच. डोललेली गोष्ट परत आपल्या जागी येते. सरकलेली येत नाही. कॅरियर निघताना आडव्या रेषेत होता आणि वीस किलोमीटरनंतर त्याचे मागचे टोक बोटभर खाली आहे, किंवा तो एका कुशीला वळला आहे, तर ती पकड सुटल्याची खूण आहे आणि पट्टे आवळून ती भरून निघत नाही. सायकली उतरवून, गोळा पुसून, नट जुळवून सगळे पुन्हा करावे लागते. सुरुवातीच्या काही किलोमीटरांनंतर थांबून बघा असे सगळे सांगतात. काय बघायचे, तर हे. चिमटा आणि गोळ्याची मान यांवरून खडूची एक सलग रेघ ओढून ठेवली तर बघणे एका नजरेचे होते.

सायकली बांधण्याविषयी पुढच्या पानांत चित्रांसह सविस्तर आहेच, म्हणून इथे थोडक्यात आटोपतो. एकीचे हँडल डावीकडे तर दुसरीचे उजवीकडे, चाके पन्हळीत नीट बसलेली, चाकांचे पट्टे रिमवरून ओढलेले आणि एक्झॉस्टच्या तोंडापासून टायर व पट्टे लांब. पाण्याच्या बाटल्या, पंप, पिशव्या, लहान मुलाची खुर्ची ही सुटी मंडळी आधीच काढलेली असावीत. दोन गोष्टींवर मात्र थोडे थांबतो, कारण तिथे सामान जपण्याची आपली जुनी समजच थेट नुकसान करते. कार्बनची फ्रेम तिच्या लांबीच्या दिशेने विलक्षण मजबूत असते आणि चिमट्याच्या बाजूच्या दाबाला नाजूक. आवळताना आतले थर तुटले तर वरून ओरखडाही दिसत नाही, आणि नळी पुढे कधीतरी उतारावर दगा देते. अशा सायकलीसाठी फ्रेमऐवजी चाके धरणारा कॅरियर घ्यावा किंवा कंपनीने मान्य केलेला मऊ जबडा वापरावा. दुसरी गोष्ट पावसापासून सायकली वाचवण्यासाठी घातलेल्या ताडपत्रीची. उघड्या सायकलीतून वारा आरपार जातो; झाकलेली सायकल शीड होते आणि त्या शिडाचा सगळा ओढा अखेर गोळ्यावर येतो. कंपन्या प्रवासात आच्छादन नको म्हणतात ते यासाठी. वाटेत सायकल भिजली तरी बिघडत नाही, ती पावसात चालवायचीच वस्तू आहे.

मग सायकली छतावरच का नेऊ नयेत? तिथे निदान आकाराची पकड मिळते आणि नंबरप्लेटही झाकली जात नाही. हलक्या सायकलींसाठी हा पर्याय अजूनही चांगला आहे. पण 25 किलोची सायकल डोक्यावर उचलून टपावर ठेवणे हे साठीतल्या जोडप्याचे काम नव्हे, आणि विजेच्या सायकलींचा मोठा ग्राहक तोच आहे. शिवाय सायकली वर असल्याचे विसरून बहुमजली पार्किंगच्या लोखंडी आडव्या पट्टीखाली गाडी घालणारे दरवर्षी निघतात. मागचा कॅरियर कमरेच्या उंचीवर असतो, त्याचा हा मोठाच गुण आहे. त्याची किंमत नंबरप्लेट आणि दिव्यांच्या रूपाने मोजावी लागते. ब्रिटनमध्ये झाकलेल्या नंबरप्लेटला 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून कॅरियरवर दुसरी प्लेट आणि चालू दिवे लागतात. जर्मनीतही प्लेटची प्रत लावायची असते. नेदरलँड्समध्ये मोटारींच्या पिवळ्या प्लेटऐवजी कॅरियरसाठी खास पांढरी मिळते. स्पेन आणि इटलीत बाहेर आलेल्या भारावर लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा 50 सेंटिमीटरचा चौकोनी फलक लावतात. सुट्टीत तीन सीमा ओलांडणाऱ्याने हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

एक शब्द महाराष्ट्रातल्या वाचकासाठी. पुण्या-मुंबईकडचे सायकलस्वार हल्ली सायकली मोटारीला लावून घाटांच्या पायथ्याशी जातात, आणि त्यांचे कॅरियर बहुतेक डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवलेले असतात, कारण आपल्याकडच्या मोटारी सहसा टो-बारशिवायच विकल्या जातात. पण मोठ्या गाड्यांच्या मागे दुकानातून बसवलेला चकचकीत गोळा पुष्कळदा दिसतो. तो शोभेसाठी, किंवा मागून कुणी धडकलेच तर आपला बंपर वाचावा म्हणून. परदेशातून येताना कुणी कॅरियर आणलाच, तर तो या गोळ्यावर बसेलही; व्यास जवळपास तोच असतो. मात्र त्या दांड्यावर भाराचा आकडा सांगणारी पट्टी नसते. तो गाडीच्या सांगाड्याला किती बोल्टांनी, कोणत्या जागी धरलेला आहे हे बसवणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नसते. आणि वाटेतल्या गतिरोधकांची उंची कोणत्याही कसोटीपट्टीत मोजलेली नाही. असा कॅरियर त्या गोळ्यावर चढवण्यापूर्वी गाडीखाली वाकून तो दांडा कशाला जोडलेला आहे ते पाहावे. पातळ पत्र्याला किंवा नुसत्या बंपरला जोडलेला असेल, तर कॅरियर घरातच ठेवावा आणि सायकली चाके काढून मागच्या सीटवर आडव्या घालाव्यात.